संस्कृतीच्या प्रोजेक्टला १० पैकी १० कसे मिळवावे

राजेहो, पोळा सरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पुतळ्यांची मिरवणूक निघते ती मारबतही निघून गेली, म्हणजे आता शाळेच्या ग्रुपवर ‘आपला सांस्कृतिक वारसा’ नावाचा प्रोजेक्ट कोणत्याही रात्री येऊन पडू शकतो. आमच्याकडे पडला, झाला, तपासूनही आला. १० पैकी ४. सहावीतल्या पोरीनं मन लावून केला होता, तिथंच घोळ झाला. तुमच्या लेकरांचं असं होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

एक म्हणजे, संस्कृती नागपुरात राहत नाही. ती पुण्यात राहते, कोकणात राहते, फार तर कोल्हापुरात, आणि तिथून गुगलवर येते. नऊवारी, लावणी, वारली, ढोल-ताशा, वडापाव एवढं चिकटवा. तर्री-पोहे चिकटवू नका. हे शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा चिकटवायचा मोह झालाच, तर ‘हा कोण?’ याचं उत्तर वेगळ्या कागदावर जोडून ठेवा. मॅडमना लागेल.

नऊवारी भाड्यानं आणली तर डिपॉझिटची पावती सांभाळा.

चार्ट पेपर दिवसा आणायचा नसतो. मेसेज रात्री साडेनऊला येतो आणि सबमिशन उद्या असतं, त्यामुळे स्टेशनरीवाल्याच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून जायची सवय ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. ते आमच्याकडेही येतात. त्या दिवशी दप्तर नसतं, थर्माकोलचा रायगड असतो. व्हॅनवाले काका जागेचे जास्तीचे पैसे मागतात, देऊन टाका.

अभ्यासक्रमावर मात्र दणकून भांडा. त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. २०२२ मध्ये भार हलका करायचा म्हणून शाळेची पुस्तकं काढणाऱ्या दिल्लीच्या एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली आणि बारावीच्या इतिहासातून मुघल दरबाराचं प्रकरण काढलं. २०२५ मध्ये आठवीच्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या राज्यात दिसलं म्हणून तिकडे राजस्थानात कल्ला झाला. दरवेळी आपापल्या बाजूनं तावातावानं बोला. मधेच पोरगं “बाबा, उत्क्रांती म्हणजे काय?” विचारायला आलं तर त्याला अभ्यासाला बसवा.

आणि काहीही झालं तरी मारबत लावू नका. आमच्या पोरीनं लावली. नागपुरातल्या इतवारी भागाच्या गर्दीत एका दुकानाच्या ओट्यावर चढून तिनं स्वतः फोटो काढले होते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि मागून येणारे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. एका बडग्याच्या गळ्यात वीजबिलांची माळ होती. खाली तिनं आपल्या अक्षरात लिहिलं, ‘लोकांना ज्याचा राग येतो त्याचा बडग्या करतात, गावभर फिरवतात आणि जाळतात.’ त्यावर लाल पेनानं गोल आणि शेरा, ‘नॉट रिलेव्हंट’. पालकसभेत विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “सर, त्यात व्हॅल्यूज कुठे आहेत? किती आरडाओरडा असतो!” व्हॅल्यूज! १८८०च्या दशकापासून, म्हणजे इंग्रजांचं राज्य असल्यापासून, या शहरातली साधी माणसं ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत रस्त्यावर येताहेत आणि ज्यानं छळलं त्याचा पुतळा करून मिरवताहेत. याहून मोठा नागरिकशास्त्राचा धडा कुठल्या पुस्तकात आहे? सहावीच्याच पुस्तकात शासन आणि लोकशाहीचा वेगळा भाग आहे, त्याची प्रश्नोत्तरं पाठ करून घेता आणि लोकशाही इतवारीत नाचत गेली की तिला आरडाओरडा म्हणता? मारबतीची सुट्टी घ्यायला बरी चालते, मार्क द्यायला मारबत चालत नाही!

यात दिल्लीचा दोष काढायची सोय नाही, हेच तर दुखणं आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं पहिलंच तत्त्व होतं की ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा. २०२०च्या धोरणातही लिहिलं आहे की गोष्टी, कला, खेळ, उदाहरणं स्थानिक असू द्या. मधल्या काळात सरकार बदललं, हे म्हणणं तसंच राहिलं. ते मेलं आपल्या शाळेत. ‘मॉडेल प्रोजेक्ट’ची पीडीएफ पाठवणाऱ्यांनी मारलं, आणि तीच रंगीत छापून पोराच्या नावावर खपवणाऱ्या तुम्ही लोकांनी मारलं. वर्गाची भिंत जाऊन पाहा. सगळ्या चार्टवर तीच एक लावणीवाली बाई आहे आणि तिच्या पदरावर एकाच वेबसाइटचा पुसट शिक्का.

काहून बाप्पा, तुमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल नाही? १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी याच गावात धम्मदीक्षा दिली. ती डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी अजून कोणाकोणाच्या घरात असेल, एकानं तरी पोराला तिच्याजवळ बसवलं? त्यापेक्षा ‘थँक्यू मॅम’ लिहून हात जोडलेले सोपे! मार्क कापले त्या दिवशी पालकसभेत आमच्यामागे रांगेत उभे होते ना तुम्ही? एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या सभेत तोंड उघडा. ते जमत नसेल तर ‘आजच्या पिढीला संस्कृती उरली नाही’ वाले फॉरवर्ड ग्रुपवर टाकणं बंद करा.