न पाहताच केलेली दुरुस्ती

फ्लशची टाकी गळते म्हटल्याबरोबर प्लंबर झाकणही न उचलता "आतला सगळा सेट बदलावा लागेल" असे सांगून मोकळा होतो, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पाणी नेमके कोठून जाते आहे हे न पाहता गळती बंद कशी होणार, याचे उत्तर मला आजवर एकाही कारागिराने दिलेले नाही. नवा सेट बसतो, पैसे दिले जातात आणि कमोडच्या आतल्या भिंतीवरून तीच बारीक, चमकणारी पाण्याची रेघ पुन्हा उतरू लागते. कारण नव्या सेटचा फ्लोटही, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पाणी बंद करणारा तरंगता भागही, जुन्याइतकाच वर लावलेला असतो आणि पाणी ओव्हरफ्लो नळीच्या, म्हणजे जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीच्या, तोंडातून आत सांडतच राहते. पातळी त्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील इतका फ्लोट खाली घेणे, एवढेच काम होते!

बरे, शोध घेणे काही अवघड आहे का? टाकी भरू द्यावी, अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करावा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करावी आणि तासभर फ्लशला हात लावू नये. पातळी नळीच्या तोंडाच्या खाली उतरत गेली आणि टाकीच्या बाहेर कोठेही ओल नसली, तर तळाची रबरी झडप नीट बसत नाही. पातळी तोंडाशीच थांबली, तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद होत नाही. झडपेबद्दल तरीही शंका असेल, तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत. अर्ध्या तासात कमोडमध्ये रंग दिसला की प्रश्न मिटला. पुष्कळदा झडपही बदलावी लागत नाही, ती ज्या कडेवर टेकते तेथे साचलेला क्षारांचा खरबरीत थर पुसून काढला तरी पुरते.

राग केवळ कारागिरांचा नाही. भिंतीवर उंच बसवलेल्या जुन्या टाक्यांची ओव्हरफ्लो नळी बाहेर काढलेली असे, त्यामुळे व्हॉल्व्ह बिघडला की पाणी डोळ्यांदेखत ठिबकत असे. आताच्या टाक्यांत ते मुकाट्याने कमोडमध्ये जाते आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. मिनिटाला जेमतेम 100 मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेलाही नाही, इतके पाणी गेले तरी दिवसाकाठी 144 लिटर वाया जाते. त्यातच प्रत्येक कंपनीची झडप निराळी, वॉशर निराळा आणि तो सुटा मिळत नाही म्हणून पुन्हा आख्खा सेट घ्या! बोटभर रबरासाठी चांगले प्लॅस्टिक कचऱ्यात टाकायला लावणाऱ्या या व्यवस्थेची मला मनापासून चीड येते.

वरच्या टाकीची तऱ्हा याहून वाईट आहे. प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली की ओल्या पृष्ठभागावरच बाहेरून इपॉक्सी हा चिकट लेप थापतात. पॉलिथिलीनला, म्हणजे या टाक्यांच्या प्लॅस्टिकला, इपॉक्सी नीट धरत नाही, ती चीर उष्णता देऊन त्याच जातीच्या प्लॅस्टिकने सांधावी लागते, हे रोज टाक्या हाताळणाऱ्याला ठाऊक नसावे? टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या बॉल कॉकच्या पोकळ, तरंगत्या गोळ्यात पाणी शिरून तो बुडाला असेल, तर कानाजवळ नेऊन हलवला तरी आवाजावरून कळते. पण तेवढीही तसदी कोणी घेत नाही.

सिमेंटच्या टाकीच्या बाबतीत तर संताप अनावर होतो. आत येणारे आणि बाहेर जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करून रात्रभर टाकी तशीच ठेवली, तर पाणी चिरेच्या उंचीपर्यंत उतरून तेथेच थांबते, त्यामुळे कोणत्या पातळीला शोधायचे हे सकाळी आपोआप समजते. पातळी तसूभरही हलली नाही, तर टाकी निर्दोष असून दोष पुढच्या पाइपांत आहे. असे असताना खाली छताला जेथे ओला डाग दिसतो तेथेच छिन्नी चालवली जाते. पाणी पाइपाच्या कडेने वाहत जाऊन मुळापासून कितीतरी दूर उतरू शकते, हे समजावून सांगू लागलो, तर "आम्हाला काम शिकवू नका" असे वर ऐकावे लागते, आणि फोडलेल्या गिलाव्याची मजुरीही आपणच मोजायची!