माकगोल्लीची चव आणि तिच्या जोडीचे पदार्थ

माकगोल्ली या तांदळाच्या कोरियन मद्यावरील लेखात तिला 'गोड, दुधाळ पेय' म्हटले आहे. हे वर्णन मला अपुरे वाटते. वाफवलेला तांदूळ, पाणी आणि नुरुक, म्हणजे बहुधा गव्हापासून केलेले, बुरशी व यीस्ट वाढलेले किण्व, यांतून गोडव्याबरोबरच आंबटपणा, किंचित तुरटपणा आणि धान्याचा गंधही येतो. पाश्चरीकरण न केलेली माकगोल्ली बाटलीतही आंबत राहते, म्हणून ताजेपणी ती गोडसर, तर काही दिवसांनी अधिक आंबट लागते. अनेक स्वस्त बाटल्यांतला गोडवा मात्र ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थाचा असतो. त्यावरून या पेयाची पारख करणे अन्यायाचे आहे.

जोडीचा पदार्थ म्हणून लेखात आलेला पातीच्या कांद्याच्या पाजनचा, म्हणजे कोरियन धिरड्याचा, उल्लेख योग्यच आहे, पण बिंदेत्तोक वगळायला नको होते. भिजवलेले मूग वाटून भरपूर तेलात तळलेले हे जाड धिरडे सोलच्या ग्वांगजांग बाजारात आवर्जून खाल्ले जाते, आणि माकगोल्लीचा आंबटपणा व हलका फसफसाट त्याचा तेलकटपणा सहज कापतो. दक्षिण कोरियाच्या नैऋत्येकडील जोल्ला प्रांतात तर आंबवलेला, अमोनियाच्या उग्र वासाचा होंगओ मासा, उकडलेले डुकराचे मांस आणि जुनी किमची (आंबवलेली, मसालेदार कोबी) एकत्र खाताना माकगोल्लीच घेतात, कारण तिचा दाटपणा तो उग्रपणा सौम्य करतो.