भिंतीवर कार्लसनचा फोटोही हवा

मुलगा ब्राझिलियन ज्युजित्सूच्या, म्हणजे मॅटवरच्या झोंबाझोंबीच्या खेळाच्या क्लासला जातो. सोडायला गेलो की समोरच्या भिंतीवर दोन फोटो दिसतात, हा खेळ उभा करणारे दोघे भाऊ, कार्लोस ग्रेसी आणि एलिओ ग्रेसी. पोरं मॅटवर जाण्याआधी त्यांच्यापुढे वाकतात. बघून बरं वाटतं. पण दरवेळी मनात येतं, कार्लसनचा फोटो कुठाय?

कार्लसन ग्रेसी हा कार्लोसचा थोरला मुलगा. जन्म १९३२. मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूने ब्राझीलच्या बेलेम शहरात आणलेली विद्या कार्लोसने उचलली, भावांना दिली, आणि रिओत घराण्याची तालीम उभी राहिली. कार्लोसला एकवीस मुलं. आर, सी आणि के या अक्षरांत शक्ती असते अशी त्याची श्रद्धा, म्हणून नावंही त्यावरूनच. म्हणजे या पोराच्या नावापासूनच घराण्याचं ओझं सुरू झालं.

ते ओझं खरं अंगावर आलं १९५५ साली. काका एलिओची लढत ठरली वाल्देमार सांतानाशी. वाल्देमार ब्राझीलच्याच बाहिया राज्यातला, कृष्णवर्णीय, अंगमेहनत करून पोट भरणारा, आणि एकेकाळी एलिओच्याच तालमीतला. एलिओ चाळिशी ओलांडलेला. लढत साडेतीन तासांहून जास्त चालली आणि शेवटी वाल्देमारच्या लाथेने एलिओ आडवा झाला.

घराण्याची अब्रू राखायला पुढे कोण? तेवीस वर्षांचा कार्लसन. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण वाल्देमार त्याचा मित्र होता. वैर काकाचं, लढायचं पुतण्याने, आणि तेही दोस्ताशी. पहिली लढत बरोबरीत सुटली. १९५६ ला माराकानाझिन्योच्या स्टेडियममध्ये कार्लसनने त्याला हरवलं. पुढेही दोघे लढले, आणि दोस्तीही टिकली. हे मला त्या विजयाहून मोठं वाटतं.

तरी फोटो हवा म्हणतो तो या लढतीसाठी नाही. ग्रेसींची मूळ अकादमी मुख्यतः एकेकट्याला शिकवणारी, आणि तशी शिकवणी परवडायची ती रिओतल्या पैसेवाल्यांना. कार्लसनने रिओतल्याच कोपाकबाना भागात स्वतःची अकादमी काढली आणि एका मॅटवर घोळका उतरवला. गरीब पोरांकडून फी घेतली नाही. घराण्यात राखलेले डाव बाहेरच्यांना खुले केले. आपल्याकडच्या चांगल्या वस्तादासारखंच: पोरात दम आहे ना, मग बाप कोण ते विचारायचं नाही. मुरिलो बुस्तामांते, मारिओ स्पेरी, वालिद इस्माइल, विटोर बेलफोर्ट हे सगळे त्याच मॅटवरचे. यांतला एकही ग्रेसी नाही. वालिदने तर पुढे ग्रेसी घराण्यातल्याच मल्लांना हरवलं, एलिओचा मुलगा रॉयस त्यांतला एक. आणि कोपऱ्यातून ओरडून बळ देणारा कोण, तर स्वतः ग्रेसी असलेला कार्लसन! घरच्यांना हे कसं सोसलं असेल?

२००० च्या सुमारास त्याचे बिनीचे शिष्य त्याला सोडून गेले. त्यांनी ब्राझिलियन टॉप टीम नावाची आपली वेगळी तालीम काढली. म्हातारा मनातून मोडला. गुरू बदलणाऱ्याला ज्युजित्सूवाले आजही 'क्रेओंते' म्हणतात, तो शब्द कार्लसननेच एका टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून रूढ केला. त्याचा राग मला समजतो, पण तो शब्द मला पटत नाही. मोठी झालेली पोरं आपला संसार मांडणारच. आज क्लास बदलणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरालाही तोच शब्द चिकटवतात तेव्हा वाईट वाटतं. फी मागितली नाही, घराणं पाहिलं नाही, अशा माणसाची आठवण त्याच्या दुखऱ्या क्षणातल्या एका शिवीने का ठेवायची?

कार्लसन २००६ च्या फेब्रुवारीत शिकागोत गेला. त्र्याहत्तर वर्षांचा होता.

पुढच्या आठवड्यात क्लासच्या सरांना भेटणार आहे. फोटोची फ्रेम मी करून देईन. जागा आहे, एलिओच्या उजव्या हाताला.