प्रोसेसर मागितला की अख्खा पीसीच गळ्यात

"जुनं झालंय ओ, नवीनच घ्या की!" बेळगावात कुठल्याबी दुकानात जावा, हेच. अरे मर्दा, नवीन घ्यायला पैसे असते तर आय फाइव्ह ७४०० चं, म्हणजे इंटेलच्या सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं हे डबडं घेऊन खडेबाजारात कशाला फिरलो असतो? मला फक्त प्रोसेसर बदलायचाय. माझं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५१, आठव्या जनरेशनचं पण ११५१, मग बसायला पाहिजे की नको? नाही बसत! माझ्या एच ११० मदरबोर्डावर चालत नाही म्हणे, ३०० सिरीजचा बोर्ड लागतो, मग नाव तेच कशाला ठेवलं, आमची चेष्टा करायला? आणि विंडोज ११ ला सातवी जनरेशन नको, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला, म्हणजे गरिबानं जायचं कुठं. बरं, ग्राफिक्स कार्ड तरी टाकू म्हटलं तर एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्डाला जादा वीज द्यायची सहा पिनची वायरच नाही, बोर्डाच्या स्लॉटमधनं मिळतात तेवढ्या ७५ वॅटवर भागवा. सेकंडहँड बघावं तर सगळी कार्डं "फक्त घरी वापरलेली", घरी दिवसरात्र कार्ड तापवून क्रिप्टो मायनिंग करत होता काय रे? एवढं रडगाणं ऐकून दुकानदार रंगीत लाइटचा आरजीबी फॅन दाखवालाय. लाइट लावल्यावर गेमचं एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतंय व्हय?