स्वभाव समजून दोन वर्षं सांभाळलेला आजार

आठ-दहा महिन्यांनी एका मैत्रिणीचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं आणि तिने पहिलंच विचारलं, "रडत होतीस का गं?"

मी रडत नव्हते. सर्दीही नव्हती. माझा आवाजच तसा झाला होता, जाड आणि घोगरा. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. रोज ऐकणाऱ्याला कळणार कसं?

हायपोथायरॉइडिझमबद्दल, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावण्याबद्दल, मला जे कळकळीने सांगायचंय ते इथेच आहे. हा आजार इतका सावकाश येतो की तो आजार वाटतच नाही, माणसाचा स्वभाव वाटतो. ताप आला की आपण झोपून राहतो, हाड मोडलं तर लोक धावत येतात. इथे तसं काहीच होत नाही. "हल्ली ही जरा सुस्तच झालीये" एवढंच होतं, आणि आपणही ते खरं मानतो.

मी मानलं होतं. नऊ-नऊ तास झोपूनही उठताना अंग शिशाचं वाटायचं. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. सगळे पंखा मोठा करायचे तेव्हा मी पांघरूण शोधायची. पाळी आठ-आठ दिवस चालायची. पोट साफ व्हायचं नाही, टाचा आणि कोपरं खरखरीत झाली होती, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. यातल्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं: वय, ताण, कोरडी हवा, कामाची दगदग. ही सगळी कारणं एकत्र ठेवून बघावीत असं दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही. मन लावून काही करावंसं वाटत नव्हतं, आणि त्याचा राग मी स्वतःवरच काढत होते.

एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. "ताण घेऊ नका, वजन कमी करा," एवढंच सांगून त्यांनी पाठवलं. तेव्हा रक्ताची एक तपासणी लिहून दिली असती तर माझं जवळजवळ दीड वर्ष वाचलं असतं. ही सल अजून आहे.

मैत्रिणीच्या त्या फोननंतर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालीत, डोळ्यांखाली सूज आहे, हे त्यांनीच दाखवलं. नाडी मोजली, ५४ भरली. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून पाठमोरं बसवलं, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवून, आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर छोटी रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं. पण परत जागेवर येताना ते पाण्यातून यावं तसं हळूहळू आलं. मी मान वळवून बघत होते. माझंच पाऊल, आणि मी काहीच करत नव्हते. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, हा माझा आळस नाहीये.

रक्तातला टीएसएच नावाचा हार्मोन ८२ आला. बहुतेक लॅबमध्ये तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा लागतो. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, खाली गेला होता. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सांगते. टीएसएच थायरॉईड तयार करत नाही. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती थायरॉईडला कामाला लावण्यासाठी तो पाठवते. थायरॉईड ढिली पडली की पिट्युटरी अजून अजून टीएसएच सोडत राहते. म्हणून आकडा वाढलेला आणि ग्रंथीचं काम मात्र कमी. माझ्या रक्तात अँटीबॉडीजही सापडल्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच गळ्यातल्या त्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीवर हल्ला करत होती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. आहारात आयोडीन पुरेसं असलेल्यांमध्ये थायरॉईड मंदावण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

गोळी सुरू झाली. आठवड्यात बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. गोळीतलं औषध, लिव्होथायरॉक्सिन, शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे त्याची पातळी स्थिरावायलाही वेळ लागतो. डोस बदलला की पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात ती याच कारणासाठी. मध्येच धीर सोडू नका. मला सगळ्यात आधी थंडी वाजणं कमी झालं, डोकं बऱ्याच नंतर मोकळं झालं.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवायच्या. हे मला सांगितलं होतं, तरी सोयीचं म्हणून मी कॅल्शियम सोबतच घेत राहिले. टीएसएच पुन्हा चढला, डोस वाढवून मिळाला, आणि खरं कारण मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. लक्षात आल्यावर सगळं पहिल्यापासून जुळवावं लागलं. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी तर हे नक्कीच वाचा: बायोटिनमुळे थायरॉईडच्या रिपोर्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

वजनाबद्दल खरं तेच बोलायला हवं. थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोच असतं, आणि त्यात बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा असतो. बाकीचं वजन थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही. आणि वजन उतरावं म्हणून मनाने डोस वाढवणं तर धोक्याचं आहे: छातीत धडधड, ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं.

टीएसएच नॉर्मल आला तरीही थकवा असेल तर तो खोटा ठरत नाही. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, झोप, नैराश्य, हे सगळं बघायला हवं. थायरॉईड नाही म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही, असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका.

आणि दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना कळवा. पहिल्या काही महिन्यांत बाळाला आईच्याच हार्मोनचा आधार असतो, आणि बहुतेकींचा डोस तेव्हा वाढवावा लागतो.

"आयुष्यभर गोळी? मुळापासून बरं करणारं काहीतरी बघ ना," असं मला किती जणांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. बाळंतपणानंतर तात्पुरती बिघडलेली थायरॉईड कधी कधी आपोआप ताळ्यावर येते हेही खरं. पण गोळी थांबवायची की नाही हे रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील. अशा वेळी मला १८९१ सालची न्यूकॅसलमधली ती बाई आठवते. या आजारावर तोवर धड उपाय नव्हता. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क तिला टोचायला सुरुवात केली, तेव्हा ती ४६ वर्षांची होती. तो अर्क पुढे ती तोंडाने घेत राहिली आणि १९१९ पर्यंत, ७४ व्या वर्षापर्यंत जगली. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. मला रोज एक बारीकशी गोळी लागते. मी ती आनंदाने घेते.

हा विकार घराण्यात फिरतो, म्हणून डॉक्टरांनी आईचीही तपासणी करायला सांगितली. आई ७१ वर्षांची. तिचं हळू चालणं, हळू बोलणं, उकाड्यातही अंगावर शाल, कशाचा आनंद नाही की राग नाही. आमच्या सगळ्या नातेवाइकांत ती "थंड स्वभावाची" म्हणूनच ओळखली जाते. आम्हा भावंडांनीही लहानपणापासून तेच ऐकलं आणि तेच म्हटलं. तिचा टीएसएच माझ्याहून जास्त निघाला. वय आणि हृदय बघून डॉक्टरांनी २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली आणि हळूहळू वाढवत नेलं.

आता पाच महिने झाले. परवा ती जिना चढून वर आली आणि शाल खालीच राहिली म्हणाली. मग बराच वेळ तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसली, हातवारे करत, मध्येच हसत. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. त्या "थंड स्वभावा"तली किती वर्षं तिची स्वतःची होती आणि किती या आजाराची, हे आता तिलाही सांगता येत नाही.