इटलीच्या पासपोर्टचा तो मेसेज: थोडं थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय, घराण्यात कोणी एक पणजोबा इटालियन असला तरी डीएनए आणि आडनावावर इटलीचा पासपोर्ट मिळतो, भारताचा पण राहतो, एजंटला पैसे द्या की झालं. इटालियन-अमेरिकन घरात लग्न झालेल्या दोन मैत्रिणींनी मला तो मुलांसाठी म्हणून पाठवला. मी इटलीतले जुने दाखले वाचायचं काम करते, त्यामुळे राहवत नाही.

पणजोबा चालायचे, पूर्वी. इटलीचा १९९२ चा नागरिकत्वाचा कायदा पिढ्या मोजत नव्हता. पण २८ मार्च २०२५ चा वटहुकूम आणि मग मे मधला ७४ नंबरचा कायदा आला, आणि आता बाहेर जन्मलेल्यांना साधारणपणे आई-बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कोणीतरी फक्त इटलीचंच नागरिक असावं लागतं. जुने नियम २७ मार्चपर्यंत अर्ज केलेल्यांना.

डीएनएवर काहीच होत नाही. त्या इटालियन पूर्वजापासून तुमच्या मुलापर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येकाचा जन्माचा, लग्नाचा कागद लागतो आणि तो गावच्या कोमूनेत म्हणजे नगरपालिकेत असतो, म्हणून नुसतं "सिसिलीचे होते" पुरत नाही, गावाचं नाव पाहिजे. एका नोंदीत "जुझेप्पे फू आंतोनियो" असं दिसतं ना, नवख्याला वाटतं फू हे आडनाव, पण आपण कै. लावतो तसंच ते, बाप वारलाय. "दि" असतं तर हयात. त्या एका अक्षरावरून कळतं की आंतोनियोच्या मृत्यूची नोंद या तारखेच्या आधी शोधायची.

"एलिस आयलंडवर क्लार्कने नाव बदललं", हेही प्रत्येक घरात ऐकते; एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्कचं ते बेट, जिथे तेव्हा बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची. अहो, प्रवाशांची यादी जहाज सुटायच्या आधी नेपल्स, पालेर्मोलाच तयार व्हायची, न्यूयॉर्कला फक्त ती पडताळायचे, तिथे दुभाषे पण होते, पुढे न्यूयॉर्कचे मेयर झालेले ला ग्वार्डिया त्यातलेच. नाव बहुतेक वेळा लोकांनीच नंतर बदललं, तेव्हा यादीत मूळ नावानेच शोधा.

सगळ्यात महत्त्वाची तारीख मात्र मेसेजमध्ये नाहीच, आजोबा अमेरिकन नागरिक कधी झाले. १६ ऑगस्ट १९९२ च्या आधी स्वतःहून दुसरं नागरिकत्व घेतलं की इटलीचं जायचं, त्यामुळे पुढच्या मुलाच्या जन्माआधी ते झालं असेल तर साखळी तिथेच तुटली आणि बाकीचे कागद जमवणं फुकट. आणि साखळीत बाई असेल तर १ जानेवारी १९४८ आधी जन्मलेल्या तिच्या मुलासाठी कोर्टात जावं लागतं.

भारताचं म्हणाल तर आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देतच नाही. मैत्रिणीने लग्नाच्या आधारावर, बी१ म्हणजे मध्यम पातळीची इटालियन भाषेची परीक्षा देऊन तिथलं घेतलं तर इथलं जातं, मग मिळतं ते ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, हे नागरिकत्व नव्हे.

एजंटच्या आधी इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं आन्तेनाती पोर्टल उघडा, कित्येक गावांची रजिस्टरं तिथे फुकट बघता येतात, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच गावाचं नाव विचारा.