मामा, आधी ओटीजी बंद करा

रविवारी सकाळी सांगलीहून मामांचा फोन. "अगं, स्पूल भाजायच्या तर ओव्हन कितीवर ठेवू?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी फॉरवर्ड पाठवला. तोच, जो गेला आठवडाभर आमच्या तिन्ही ग्रुपांवर फिरतोय: फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश लोकसंगीत बँडची, "प्राचीन इंग्रजी लोकगीतांची", कधीच कुणी न ऐकलेली रेडिओ ध्वनिमुद्रणं बीबीसीने पन्नास वर्षं तळघरात दडवली होती, ती सापडली, ओव्हनमध्ये भाजून "जिवंत" केली, तुमच्याकडच्या जुन्या टेपही भाजा, लाखो मिळतील.

"कधीच न ऐकलेली" हे तर सरळ खोटं. १९६८-६९ची ही रेडिओ सत्रं 'हेडे' नावाने १९८७ सालीच बाजारात आली. त्याआधी बँडचाच ॲश्ले हचिंग्ज त्यांची कॅसेट काढून बसला होता. आणि "प्राचीन इंग्रजी लोकगीतं" म्हणाल तर त्यात लेनर्ड कोहेनचं 'सुझान' आहे. कोहेन कॅनडाचा.

बीबीसीने दडवलं? दडवलं असतं तर बरं झालं असतं! टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत होती, म्हणून पुसली. एवढं अर्धसत्य द्यायला मी तयार आहे, की बीबीसीच्या हातून बरंच कायमचं गेलं. पण वाचलं त्यातलं काही तळघरामुळे नाही, श्रोत्यांमुळे वाचलं. याच बँडच्या बीबीसी सत्रांच्या २००७च्या चार सीडींच्या संचातली चौथी सीडी ऐका. घरी रेडिओवरून टेप केलेलं आहे ते, आणि आवाज तसाच येतो.

आता भाजणं. माझं डोकं फिरलं ते इथे.

टेप भाजतात, हे खरं आहे. काही टेपमध्ये चुंबकी थर धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. वाजवली की टेपरेकॉर्डरच्या हेडवर राळ बसते. मंद उष्णतेने तो थोडे दिवस सावरतो, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. पण हा रोग मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या पॉलिएस्टर टेपचा. मग १९६९ची टेप भाजून जिवंत केली कशी? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सन तरी बघायचं होतं.

साठच्या दशकातल्या कितीतरी स्पूल (टेपची रिळं) ॲसिटेटच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या आहेत. त्यांना उष्णता दिली की त्या आक्रसतात, ठिसूळ होतात, आणि मग काही परत येत नाही. ध्वनी-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, टीसी-०४ ही मार्गदर्शिका आहे. ज्या टेपना हा उपाय चालतो त्यांच्यासाठीही ती सुमारे ५० अंश, स्थिर तापमान, कोरडी हवा, आठ-बारा तास असं सांगते. घरगुती ओव्हन नको, मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. मामांच्या ओटीजीचा आकडाच १०० पासून सुरू होतो. त्यात नानकटाई होते.

लाखांबद्दल काय बोलायचं? लाख देणाऱ्याचा पत्ता फॉरवर्डमध्ये नाही.

मामांच्या बारा स्पूलवर आजोबांनी आकाशवाणीवरून टेप केलेली नाट्यगीतं आहेत. मी म्हणाले, "मामा, एक स्पूल खिडकीशी धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो का?"

"दिसतो की. तपकिरी दिसतो."

"मग ॲसिटेट आहे. वास घ्या."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "लोणच्याच्या बरणीसारखा येतोय गं. आंबट."

म्हणजे टेप आधीच खराब व्हायला लागली आहे. तिला थंड, कोरड्या जागी ठेवून लवकरात लवकर जाणकाराकडून डिजिटल करून घ्यायला हवी. उरलेल्या अकरा मामा एकेक करून खिडकीशी धरतायत. मामींनी ओटीजीची वायर काढून स्वतःच्या कपाटात ठेवली आहे.